मर्यादा खऱ्या आहेत, पण पट्टीवरचा कापलेला ‘पूर्ण’ ही आपली चूक आहे

गेल्या पंधरा दिवसांत एकच मेसेज मला चार ग्रुपवरून आलाय, मोंढ्यातल्या, म्हणजे धान्यबाजारातल्या, व्यापाऱ्यांच्या ग्रुपवर तर तीनदा. त्यात म्हणलंय की ॲपची डिझाइन 100 टक्के आपल्या मनासारखी करता येते, आणि ‘गुगल करू देत नाही, ॲपल करू देत नाही’ असं सांगणारा डेव्हलपर एकतर शिकलेला नाही नाहीतर पैसे उकळायलाय. नोटिफिकेशन पाहिजे त्या रंगात येतं म्हणे, भाव लॉक स्क्रीनवर फुल साइजमध्ये दाखवता येतो म्हणे, मोठ्या कंपन्या दिवाळीला आयकॉन बदलतात मग तुमचा काहून नाही बदलत, मराठी फॉन्ट मात्र कंपन्या मुद्दाम लावू देत नाहीत, आणि डेव्हलपर ऐकत नसंल तर प्ले स्टोअर सोडा अन सरळ एपीके, म्हणजे ॲपची फाइल, वाटा.

मी परभणीत आडत दुकानांसाठी भाव आणि पट्टीचं ॲप बनवतो. पट्टी म्हणजे माल विकला की शेतकऱ्याला मिळणारी हिशोबाची चिठ्ठी. हा मेसेज वाचून दोन शेठनी मला फोन केले, म्हणून एकेक मुद्दा घेऊन उत्तर द्यायलोय.

नोटिफिकेशनचं आधी. ॲपच्या आतली जागा आपली असते, नोटिफिकेशनची पट्टी फोनची असते, हा फरक मेसेजवाल्यानं धरलाच नाही. अँड्रॉइड 12 आलं 2021 ला, तेव्हापासून त्या व्हर्जनसाठी बनवलेल्या ॲपला नोटिफिकेशनची सगळी जागा रंगवता येत नाही, आयकॉन, खाली उघडायचा बाण असलं सगळं सिस्टिम स्वतः लावते आणि मधल्या जागेत आपला मजकूर बसतो. आता विचार करा, ही चौकट नसती आणि कुणीही आपलं नोटिफिकेशन हुबेहूब बँकेसारखं रंगवलं असतं तर आपल्या गावाकडच्या माणसानं ओळखायचं कसं? माझ्या शेठला हिरवं नोटिफिकेशन पाहिजे होतं, मी नाही म्हणलं, आणि त्यात मी त्यांना काही फसवलं नाही.

पण त्याच चौकटीत लई काही करता येतं आणि ते कुणी सांगत नाही. अँड्रॉइड 8 पासून, म्हणजे 2017 पासून, नोटिफिकेशनचे चॅनल, म्हणजे प्रकाराप्रमाणं वेगळे कप्पे, करता येतात. आम्ही तीन केले: आजचे भाव, तुमची पट्टी, दुकानाच्या सूचना. एकदा चॅनल बनलं की त्याचा आवाज, त्याचं महत्त्व वापरणाऱ्याच्या हातात जातं, ॲपला ते परत वर चढवता येत नाही, आणि हे चांगलंय, कारण शेतकऱ्यानं दुकानाच्या जाहिराती बंद केल्या तरी सोयाबीनचा भाव त्याला वाजून कळतोच. आधी सगळं एकाच चॅनलमधी होतं तेव्हा माणसं वैतागून पूर्ण ॲपचंच नोटिफिकेशन बंद करायची. मंग 2022 ला अँड्रॉइड 13 नं नोटिफिकेशनची परवानगी मागायला लावली. आम्ही ती ॲप उघडल्या उघडल्या मागत नाही, माणसानं आपलं पीक निवडलं की तिथंच विचारतो, ‘रोजचा भाव कळवू का?’ तेव्हा त्याला कळतं आपण कशाला हो म्हणायलोय.

लॉक स्क्रीनवर फुल साइज भाव: नाही. अँड्रॉइड 14 पासून फुल स्क्रीन नोटिफिकेशनची परवानगी आपोआप फक्त कॉल आणि अलार्मच्या ॲपला मिळते, आणि सोयाबीनचा भाव म्हणजे अलार्म नव्हे. दुसऱ्या ॲपच्या वर आपली खिडकी काढायची परवानगी वेगळी असते, ती माणसाला सेटिंगमधी जाऊन स्वतः चालू करावी लागते, आणि बँकेच्या ॲपवर खोटी स्क्रीन चढवून पिन चोरणारी ॲप नेमकी हीच परवानगी मागतात. माझ्या ॲपमुळं मोंढ्यातल्या शे-दोनशे माणसांना असल्या परवानगीला ‘हो’ म्हणायची सवय लागावी हे मला नको, ह्यात मी कुणाचंच ऐकणार नाही. त्याऐवजी होम स्क्रीनवर विजेट, म्हणजे ॲप न उघडता भाव दाखवणारा छोटा चौकोन, दिलंय. विजेटलाही बंधनं आहेत, ठराविक साधेच भाग वापरता येतात, आणि सिस्टिमच्या ठरलेल्या वेळानं अपडेट करायचं तर अर्ध्या तासाच्या आत होत नाही. पण मोंढ्यात सौदा निघाला की तो दर काय मिनिटाला हलत नाही, अर्धा तास आपल्याला पुरून उरतो.

आयकॉन बदलता येतो, इथं मेसेज अर्धा बरोबर आहे. पण दिवाळीचा आयकॉन ॲपमधी आधीच भरून ठेवावा लागतो, नाहीतर नवीन अपडेट काढावं लागतं, ऐन वेळेला नेटवरून नवीन चित्र आणून आयकॉनवर चिकटवता येत नाही. आयफोनवर ही सोय 2017 पासून आहे, आणि आयकॉन बदलला की सिस्टिम माणसाला तसं सांगते. अँड्रॉइडवर जी युक्ती करतात तिच्यात काही फोनवर होम स्क्रीनवरचं ॲपच गायब होतं. ज्या माणसाला ॲप फक्त त्या जागेवरून उघडता येतं त्याच्यासाठी ॲप गेलंच की! म्हणून मी करत नाही. करता येतं तरी करत नाही, असं म्हणा.

आता फॉन्ट, आणि इथं मला सगळ्यात जास्त बोलायचंय. कंपन्या मराठी फॉन्ट लावू देत नाहीत हे साफ खोटं आहे. आपल्या ॲपच्या आत कोणताही फॉन्ट घालता येतो, ‘मुक्त’ आणि ‘नोटो सान्स देवनागरी’ हे फॉन्ट फुकट आहेत, त्यांचं लायसन पण खुलं आहे. अँड्रॉइड 13 पासून फोन इंग्रजीत ठेवून एकच ॲप मराठीत चालवता येतं, आयफोनवर तर हे 2019 पासूनच आहे, डेव्हलपरनं मराठी मजकूर भरून भाषांची यादी जोडायची, बस. एवढं असून आपली मराठी ॲप वाचायला त्रास का होतो? तर आपण बटनाची, ओळीची उंची इंग्रजी बघून ठरवतो म्हणून. इंग्रजी अक्षराला वर रफार नसतो, खाली ऊकार नसतो.

एका दुकानातले मुनीमकाका साठीच्या पुढचे आहेत, त्यांनी फोनचा फॉन्ट सगळ्यात मोठा करून ठेवलेला. एक दिवस त्यांनी मला बोलावलं आणि फोन पुढं केला, म्हणले, हे काय लिहिलंय तुम्ही? पट्टीवर दिसत होतं ‘पैसे पण जमा’. मी लिहिलं होतं ‘पैसे पूर्ण जमा’. ओळीची उंची मी पक्की बांधून टाकलेली, अक्षर मोठं झालं तसा वरून रफार कापला, खालून ऊकार कापला, आणि ‘पूर्ण’चं ‘पण’ झालं. शेतकरी विचारत होता, म्हणजे अजून काही बाकी आहे का? त्या एका शब्दावरून दुकानात अर्धा तास हिशोब परत मांडला गेला. ह्यात गुगलचा नियम कुठं आला? उलट गुगलचंच सांगणं आहे की अक्षराचं माप माणसाच्या सेटिंगप्रमाणं वाढू द्या, अँड्रॉइड 14 मधी तर ते दुपटीपर्यंत वाढवता येतं. मी उंची मोकळी सोडली, दोन ओळी लागल्या तर लागू दिल्या, आणि तेव्हापासून प्रत्येक स्क्रीन सगळ्यात मोठ्या अक्षरात ‘पूर्ण’, ‘सर्व’, ‘कापूस’ हे तीन शब्द घालून तपासतो.

एपीके वाटा, प्ले स्टोअर सोडा, हा सल्ला मात्र सरळ धोक्याचा आहे. मेसेजमधी उदाहरण म्हणून जीबी व्हॉट्सॲप, म्हणजे दुसऱ्याच कुणी बदललेलं व्हॉट्सॲप, दिलंय, बघा त्यात किती थीम आहेत म्हणे. व्हॉट्सॲपनं स्वतः जाहीर सांगितलेलं आहे की असली अनधिकृत ॲप वापरली तर खातं बंद होऊ शकतं. आणि कुणी आपल्याच ॲपचं एपीके खोलून बदललं तर त्याची सही, म्हणजे बनवणाऱ्याची डिजिटल खूण, बदलते, मंग खरं अपडेट त्याच्यावर बसतच नाही, आणि माणूस पट्टी, बँक खातं सगळं त्या बदललेल्या ॲपमधी टाकत राहतो.

नियम टाळायला जुन्याच अँड्रॉइडसाठी बनवा, असं पण एक वाक्य शेवटी आहे. प्ले स्टोअरवर 31 ऑगस्ट 2025 पासून नवीन ॲप आणि अपडेट अँड्रॉइड 15 किंवा त्याच्या पुढच्या व्हर्जनसाठी बनवलेलं लागतं, त्यामुळं तो रस्ता बंद आहे. ह्याच 15 मुळं आमच्या शेठची वरची हिरवी पट्टी गेली होती, कारण घड्याळ-बॅटरीच्या पट्टीला रंग द्यायची जुनी आज्ञा तिथं चालत नाही, ॲपच कडेपर्यंत पसरतं. मंग मी ॲपच्याच आत, त्या पट्टीच्या मागं, हिरवा पट्टा काढला. चार ओळींचं काम. शेठना सांगितलं की हिरवं परत आलंय, ते म्हणले मंग आधी नाही का म्हणलात? नाही म्हणलं ते नोटिफिकेशनला, ती जागा फोनची आहे, ही आपली आहे.

आणि ज्यांना आपल्या डेव्हलपरवर शंका आहे त्यांनी एवढंच विचारावं: कोणत्या व्हर्जनपासून बंद आहे, आणि त्याच्या बदल्यात काय करता येतं. खरं काम करणारा माणूस दोन्ही सांगतो. ‘होत नाही’ म्हणून फोन ठेवणारे आमच्या धंद्यात आहेत, ते मी नाकारत नाही, मेसेजमधला तेवढा राग खरा आहे.