मिडफिल्डच्या ड्रायव्हरांना भरती म्हणू नका भो

परवा आमच्या जळगावच्या फॉर्म्युला वनवाल्या ग्रुपवर एकाने टाकलं की वरच्या चार टीम सोडल्या तर बाकी सगळे, म्हणजे मिडफिल्डचे, ड्रायव्हर नुसती भरती आहेत, दम असता तर आतापर्यंत फेरारीत नाहीतर मर्सिडीजमध्ये बसले नसते का. खाली धडाधड अंगठे. तिथं उत्तर दिलं असतं तर गुड मॉर्निंगच्या फोटोंखाली गाडलं गेलं असतं म्हणून इथं लिहून राहिलो, लांब आहे, पण वाचा.

आधी सीटचा हिशोब बघा ना. 2025 पर्यंत 10 टीम, 20 सीट. 2026 ला कॅडिलॅक आली म्हणून 11 टीम, 22 सीट. अख्ख्या जगात इतक्याच! त्यातल्या जिंकायच्या गाड्या म्हणजे मॅक्लारेन, फेरारी, मर्सिडीज, रेड बुल, म्हणजे 8 सीट, आणि त्यातही व्हर्स्टॅपन, लेक्लेर, नॉरिस असे लोक लांबलांबचे करार करून बसलेले, उरलेल्यात टीमने स्वतः लहानपणापासून पोसलेली पोरं. मग बाहेरच्या माणसासाठी उरलं काय, तर दोन-तीन वर्षांत कधीतरी एखादी सीट, आणि ती नेमकी कधी उघडेल हे कोणालाच माहीत नसतं. खालच्या फॉर्म्युला टूची तर अजून वाईट अवस्था, ड्रुगोविच 2022 चा चॅम्पियन, पूरशेर 2023 चा चॅम्पियन, दोघांना फॉर्म्युला वनमध्ये पक्की सीट मिळाली नाही. पियास्त्री 2021 चा चॅम्पियन, तोसुद्धा एक वर्ष घरी बसला होता, आणि आज त्याला कोण भरती म्हणेल?

सीट कशी उघडते ते सांगतो. 2016 ला अबू धाबीत रॉसबर्ग चॅम्पियन झाला आणि पाचच दिवसांत रिटायर झाला. कोणाच्या ध्यानीमनी नव्हतं. मर्सिडीजला घाईघाईत माणूस पाहिजे होता, विल्यम्समधून बोट्टासला उचलला. आता हा बोट्टास विल्यम्समध्ये चार सीझन होता, पोडियम, म्हणजे पहिल्या तिनात नंबर, बरेच आणले पण एकही रेस जिंकला नव्हता. मर्सिडीजमध्ये पहिल्याच वर्षी तीन जिंकला. माणूस तोच, हात तेच, हेल्मेटसुद्धा तेच. रॉसबर्ग अजून दोन वर्षं थांबला असता तर आपल्या ग्रुपवर आज बोट्टासलाही भरतीतच टाकला असता, हे पक्कं समजा.

माझे काका क्रिकेटवाले, त्यांना हे समजवायला मी डावखुरे स्पिनर पॅडी शिवलकरांचं नाव घेतलं. फर्स्ट क्लासमध्ये 589 विकेट, टेस्ट एकही नाही, कारण ज्या जागेवर त्यांनी खेळायचं तिथं बेदी होते. काका लगेच म्हणाले हा मग बरोबर आहे, अन्याय झाला त्यांच्यावर. मग तोच न्याय हल्केनबर्गला काबरं नाही?

हल्केनबर्गचं घ्याच. 2010 ला आला, पहिल्याच वर्षी ब्राझीलला विल्यम्समधून पोल मारली, म्हणजे स्टार्टचा पहिला नंबर, ओल्या-सुक्या ट्रॅकवर, रेड बुलवाल्यांना मागं टाकून. 2015 ला सुट्टी काढल्यासारखा ल मान्सला गेला आणि पोर्शेमधून 24 तासांची रेस पहिल्याच प्रयत्नात जिंकून आला. तरी वरची टीम नाही. उंची-वजन जास्त म्हणून 2014 च्या आधी त्याचं नाव मागं पडलं असं तेव्हा सगळीकडे लिहून येत होतं, कारण नवीन हायब्रिड इंजिनं जड होती आणि प्रत्येक किलो मोजून ठेवत होते. आता हात-पाय लांब आहेत म्हणून सीट जाते, यात त्याच्या ड्रायव्हिंगचा काय संबंध? आणि मी काही त्याची आंधळी बाजू घेत नाहीये. 2012 ला ब्राझीलमध्ये फोर्स इंडियातून रेस लीड केली आणि मग हॅमिल्टनला जाऊन धडकला, 2019 ला हॉकेनहाइमच्या पावसात पोडियम समोर दिसत असताना घसरून बाहेर गेला. ह्या त्याच्या चुका. पण वरच्या टीमचा ड्रायव्हर असं चुकला की पुढच्या रविवारी परत तशीच गाडी मिळते, मिडफिल्डवाल्याला तसा चान्स परत यायला कधी कधी सहा वर्षं लागतात. हा फरक कोणी धरतच नाही.

2019 नंतर त्याची सीटच गेली. 2020 ला कोविडमध्ये कोणी आजारी पडलं की याला फोन. नुरबर्गरिंगला शनिवारी बोलावलं, सराव शून्य, सरळ क्वालिफायिंग (स्टार्टचा नंबर ठरतो ती फेरी), शेवटून स्टार्ट, आणि आठवा आला. असा माणूस मग परत हास, तिथून सॉबर, आणि 6 जुलै 2025, सिल्व्हरस्टोन. त्या दिवशी आषाढी एकादशी होती, घरात सगळ्यांचा उपास, टीव्हीवर पंढरपूर चालू आणि मी मोबाईल घेऊन गच्चीच्या जिन्यात बसलेलो. 19 वा स्टार्ट. पाऊस येतो जातो, कोणी फॉर्मेशन लॅपलाच, म्हणजे स्टार्टच्या आधीच्या फेरीला, सुके टायर घ्यायला पिटमध्ये गेलं आणि फसलं, हा मात्र प्रत्येक वेळी बरोबर लॅपला आत, बरोबर लॅपला बाहेर. शेवटी मागून हॅमिल्टन, फेरारीत, त्याच्याच घरच्या ट्रॅकवर, आणि याने त्याला जवळ येऊ दिलं नाही. तिसरा. 239 व्या रेसला पहिला पोडियम. सॉबरचा सुद्धा 2012 नंतरचा पहिला. माझ्या डोळ्यात पाणी आलं, खरंच सांगतो. 15 वर्षांत याच्या हाताला कधीच काही नव्हतं असं कोणाला वाटत असेल तर त्याने ती रेस पूर्ण बघावी, हायलाइट नाही, पूर्ण.

आता पेरेझ. आपल्याकडे लोक त्याला फक्त 2024 वरून ओळखतात, त्या वर्षी व्हर्स्टॅपनचे 437 पॉइंट आणि याचे 152, म्हणून शिव्या. बरोबर आहे, ते वर्ष वाईटच गेलं. पण त्याच्या आधीचं? 2012 ला सॉबरमधून तीन पोडियम, मग मॅक्लारेनने घेतलं आणि एका वर्षात काढलं, त्या वर्षीची मॅक्लारेन स्वतःच वाईट होती, जेन्सन बटनसारख्या चॅम्पियनला सुद्धा एक पोडियम मिळाला नाही त्यात! मग फोर्स इंडिया. नाव आपल्या देशाचं, मालक मल्ल्या, 2018 ला पैसे संपले, आणि टीम कायमची बंद पडू नये म्हणून ॲडमिनिस्ट्रेशनमध्ये (कोर्टाने नेमलेल्या माणसांच्या ताब्यात) न्यायला पुढं झाला तो हाच मेक्सिकोचा पेरेझ. 400 च्या आसपास लोकांच्या नोकऱ्या वाचल्या. आणि दोन वर्षांनी त्याच टीमने, मालक बदललेला होता हे खरं, पण त्याच टीमने व्हेटेलसाठी याला बाहेर काढलं, करार शिल्लक असताना.

त्यानंतरची ती साखिरची रेस, 6 डिसेंबर 2020. आम्ही तेव्हा एका मित्राच्या शेतात भरीत पार्टीला होतो, यावलकडे. बामणोदची वांगी, काट्यांवर भाजलेली, कळण्याची भाकरी, थंडी बऱ्यापैकी. आपल्याकडे रेस रात्री पावणेअकराला चालू झाली, अर्धे लोक जेवून निघून गेलेले. पहिल्याच लॅपला लेक्लेरची धडक आणि पेरेझ फिरून शेवटी. एक जण म्हणाला बंद करा आता. मी नाही केला. मित्राच्या मोटरला थ्री फेज रात्रीच मिळत होती म्हणून तो बॅटरी घेऊन बारे द्यायला गेला, दर थोड्या वेळाने केळीच्या बागेतून ओरडून विचारायचा कितवा आला रे, आणि दर वेळी माझं उत्तर वरचं वरचं. दहावा. सातवा. तिसरा. शेवटी चिखलाच्या पायांनी पळत आला आणि ओरडला, "भाऊ, हाऊ ते जिंकी गया!" त्याला तोपर्यंत फॉर्म्युला वनमधलं ओ की ठो माहीत नव्हतं. शेवटच्या नंबरवरून, 190 व्या रेसला पहिला विजय, आणि तेव्हा पुढच्या वर्षाची सीट हातात नव्हती. दोन आठवड्यांत रेड बुलने घेतला. ती रेस झाली नसती तर? मला तर वाटतं तिथंच करिअर संपलं असतं.

आणि त्याच रात्री त्याच रेसमध्ये जॉर्ज रसेल. हॅमिल्टनला कोविड झाला म्हणून विल्यम्समधून दोन दिवसांच्या नोटिशीवर मर्सिडीजमध्ये बसवला. तोपर्यंत दोन सीझनमध्ये त्याच्या खात्यात एक पॉइंट नव्हता, एक! गाडी इतकी अरुंद पडली की एक नंबर लहान बूट घालून चालवली. क्वालिफायिंगला बोट्टासच्या फक्त 0.026 सेकंद मागं. रेसमध्ये बोट्टासला मागं टाकून पुढं, मग टीमने पिटमध्ये टायरांचा घोळ घातला, मग पंक्चर, तरी नववा. शुक्रवारपर्यंत आकडेवारीत तो भरती होता ना भो? रविवारी काय झाला मग?

साइन्झचं मला सगळ्यात जास्त लागतं. 1 फेब्रुवारी 2024 ला फेरारीने जाहीर केलं की 2025 ला हॅमिल्टन येणार. सीझनची पहिली रेस व्हायच्या आधीच याला कळलं की वर्षअखेर आपण बाहेर. मार्चमध्ये अपेंडिक्सचं ऑपरेशन, जेद्दाह हुकलं, आणि दोन आठवड्यांनी मेलबर्नला येऊन जिंकला. मग मेक्सिको जिंकला. वर्षात 290 पॉइंट, पाचवा. आता तारखा बघा. जूनमध्ये रेड बुलने पेरेझचा करार वाढवला, मर्सिडीजने स्वतःच्या अँटोनेलीला घ्यायचं मनावर घेतलेलं, म्हणून जुलै संपता संपता साइन्झने विल्यम्सशी सही केली. आणि डिसेंबरमध्ये रेड बुलने त्याच पेरेझला सोडलं! सीट रिकामी झाली पण लायक माणूस पाच महिन्यांपूर्वीच दुसरीकडे बांधला गेलेला. 2015 ला टोरो रोसोत, म्हणजे रेड बुलच्याच धाकट्या टीममध्ये, तो आणि व्हर्स्टॅपन एकत्र होते, तेव्हापासून रेड बुलला ती जोडी परत नको होती असंही बोलतात, असेल. पण मग हे टॅलेंटचं माप कुठून झालं? 2025 ला बाकूमध्ये विल्यम्समधून तिसरा आला तेव्हा मी ग्रुपवर फक्त फोटो टाकला होता, काही लिहिलं नव्हतं.

रेड बुलच्या दुसऱ्या सीटबद्दल तर वेगळी पोस्ट लिहावी लागेल. 2019 ला गॅस्लीला 12 रेसनंतर काढलं, व्हर्स्टॅपनचे 181, याचे 63. लोक म्हणाले संपला. त्याच वर्षी टोरो रोसोत परत जाऊन ब्राझीलला दुसरा आला, हॅमिल्टनला रेषेपर्यंत मागं ठेवून, आणि पुढच्या वर्षी मोन्झा जिंकला, दुसरा साइन्झ, अंतर 0.415 सेकंद. मिडफिल्डच्या दोन गाड्या, शेवटच्या लॅपपर्यंत श्वास रोखून धरायला लावणारी रेस. मग अल्बॉन आला, गेला. पेरेझ गेला. 2025 ला लॉसनला तर दोन रेस दिल्या, दोन! नंतर त्सुनोडा, त्यालाही सीझन संपल्यावर बाजूला केलं. एका मागोमाग एक पाच ड्रायव्हर एकाच सीटवर बसून एकदम अडाणी होतात का? ती गाडी व्हर्स्टॅपनला चालते तशी घडत गेली, पुढचं टोक एकदम धारदार, मागची बाजू सैल, त्याला ते जमतं कारण तो तोच आहे, बाकीच्यांचा मागचा टायर सुटतो आणि मग विश्वासच जातो. विश्वास गेला की क्वालिफायिंगला तीन-चार दशांश जातात, आणि आजच्या जवळजवळच्या ग्रिडवर तीन दशांश म्हणजे चौथ्यावरून चौदावा. दोष द्यायचा तर अर्धा तरी गाडीला आणि टीमच्या घाईला द्या.

मला कोणी विचारलं की मग मिडफिल्डमधला चांगला ड्रायव्हर ओळखायचा कसा, तर मी सांगतो पोडियम सोडा, टीममेट बघा. गाडी एकच असते तेव्हा लपायला जागा नसते. हल्केनबर्ग आणि पेरेझ फोर्स इंडियात तीन वर्षं सोबत होते, 2014 ला हल्केनबर्ग 96 आणि पेरेझ 59, पुढची दोन वर्षं पेरेझ वर, 78-58 आणि 101-72. पोडियम मात्र चारही पेरेझचे. म्हणजे दोघं जवळपास सारखे, फक्त संधी आली की पेरेझ पकडायचा. हे असं बघितलं की माणसं खरी दिसतात, नुसतं कोण कोणत्या टीममध्ये आहे यावरून लायकी ठरवायची म्हणजे रेस न बघताच निकाल लावणं झालं.

आता रेड बुलच्या त्या सीटवर इसाक हाजर बसलाय. 2025 ला रेसिंग बुल्समधून (टोरो रोसोचंच आताचं नाव) झँडवूर्टला तिसरा आलेला पोरगा, पहिल्याच सीझनला. त्याला एक पूर्ण वर्ष मिळालं पाहिजे, आणि आपल्या ग्रुपवर सुद्धा मिळालं पाहिजे. त्याच्या दोन रेस खराब गेल्या आणि कोणी "काढा याला" असं टाकलं, तर मी ही पोस्ट परत तिथं चिकटवणार, किती का लांब असेना.