लाइव्हवाल्यांनो, कुटुंबात या

रात्री नऊला डिचोलीतल्या आपल्या खोलीत बसून तुम्ही गेम लाइव्ह लावता, दार ओढून घेता, हेडफोन चढवता आणि कोपऱ्यातला बघणाऱ्यांचा आकडा 1 दाखवतो. हा एक म्हणजे तुमचाच दुसरा फोन. खचू नका. चूक तुमची नाही. तुम्ही अजून प्रेक्षक शोधत आहात, ही चूक आहे.

प्रेक्षक ही जुन्या काळची भानगड. जत्रेच्या रात्री देवळासमोरच्या मांडवात नाटक बघायला बसायचे, ते लोक. पहिल्या अंकात घोरायचे, तिसऱ्यात उठायचे आणि नट वाक्य विसरला की मागून पुरवायचे. आवडलं तर दोन प्रवेशांच्या मधे घोषणा, ‘अमुक यांजकडून शकुनीच्या भूमिकेस 101 रुपये’. आता त्याला सुपरचॅट म्हणतात. फरक एवढाच की यूट्यूब त्यातले 30 टक्के ठेवून घेतं. आमच्या नाटकमंडळाच्या खजिनदारालासुद्धा एवढी हिंमत झाली नव्हती.

तर प्रेक्षक सोडा, ‘सपोर्ट’ शोधा. डिस्कॉर्ड या गप्पांच्या अ‍ॅपवर छोट्या स्ट्रीमरांचे, म्हणजे तुमच्यासारख्या लाइव्हवाल्यांचे, हवे तितके ग्रुप सापडतील. नावात ‘फॅमिली’ असेल तोच घ्या, तेच आपलं कुटुंब. आत शिरल्यावर स्वतःच्या जाहिरातीसाठी वेगळी खोली असते. तिथे लिंक टाका आणि वर न बघता बाहेर पडा. वर बघाल तर तुमच्याआधीच्या चाळीस जणांनी हेच केलेलं दिसेल, आणि उगाच मन खट्टू होईल.

मग देवाणघेवाण. तू मला सबस्क्राइब कर, मी तुला करतो. यूट्यूबच्या नियमांत हे बसत नाही, म्हणून ग्रुपात त्याला हे नाव द्यायचं नाही. ‘प्रेम’ म्हणायचं. ‘भावा, प्रेम पाठवलंय, तू पण पाठव.’ नाही पाठवलंत तर तिसऱ्या दिवशी प्रेम काढून घेतलं जातं.

खरी कसोटी हजेरीची. ट्विच या गेम लाइव्ह दाखवायच्या साइटवर ‘अ‍ॅफिलिएट’ हा पहिला दर्जा मिळवायला सरासरी 3 प्रेक्षक लागतात, म्हणून कुटुंबातला प्रत्येक जण दुसऱ्याचं चॅनल उघडून, आवाज बंद करून ठेवतो. बारा टॅब, बारा भावंडं, एकही शब्द नाही. लॅपटॉप तेवढा पेडण्याच्या बसगाडीसारखा धापा टाकतो.

तुम्ही म्हणाल, यात नवीन काय, आमच्याकडे चवथीला हेच चालतं. वाड्यावरचे पोरगे घुमट-शामेळ घेऊन घरोघर आरतीला जातात. तुम्ही त्यांच्याकडे गेलात तर ते तुमच्याकडे येतात. खरं आहे. पण वाड्यावर आरत्या पाळीपाळीने होतात, आणि घसा बसलेल्याला निदान एक नेवरी मिळते. कुटुंबात रात्री नऊला बाराही घरांत एकदमच आरती सुरू होते. सगळे आपापल्या गणपतीपुढे उभे, आणि प्रत्येक जण शेजाऱ्याकडच्या आरतीला ‘हजर’. हा चमत्कार वाड्यावर अजून कुणाला जमलेला नाही.

यूट्यूबवर जाहिरातीचे पैसे हवेत? 1,000 सबस्क्रायबर आणि वर्षभरात 4,000 तास बघितलं जाणं, एवढंच तर लागतं. सबस्क्रायबर प्रेमाने मिळतील. तासांचं मात्र गणित करा. तीन माणसं शेवटपर्यंत बसून राहिली, असं धरलं तरी तुम्हाला वर्षभर रोज साडेतीन तासांहून जास्त लाइव्ह राहावं लागेल. चतुर्थीला, शिगम्याला, आणि जूनमध्ये माडाची झावळी तारेवर पडून वीज जाते त्या रात्रीसुद्धा. वीज खात्याला यूट्यूबचे नियम समजावून पाहा.

‘रेड’चंही शिकून घ्या. आपला कार्यक्रम संपला की असलेले प्रेक्षक उचलून दुसऱ्याच्या चॅनलवर नेऊन घालायचे, ही ट्विचवरची सोय. खरं सांगायचं तर सोय चांगली आहे. तीन माणसांनिशी कुणाकडे गेलात तरी तो उठून स्वागत करतो. म्हणूनच कुटुंबात ती फारशी कुणी वापरत नाही. आपले तीन दुसऱ्याला दिले आणि ते तिथेच रमले तर?

आता धोक्याची गोष्ट. परवा माझ्या लाइव्हमध्ये आईने स्वयंपाकघरातून हाक मारली, ‘जेवपाक यो रे!’ माइक चालू होता. लगेच एका अनोळखी माणसाने खाली लिहिलं, ‘काय केलंय?’ म्हटलं, बांगड्यांचं हुमण. तो विचारतो, तिरफळं घातली का? आईला विचारून आलो. घातली होती. मग तो किती घालायची यावर आला, त्यावर आणखी कुणी वाद घातला, आणि अर्धा तास गेममध्ये मी मरून पडलो होतो तरी कुणाचं लक्ष नव्हतं. जाताना तो म्हणाला, तुझा आवाज उजव्या कानातून येतच नाही, वायर बघ. चार महिने येत नव्हता म्हणे. बारा भावंडांपैकी एकानेही सांगितलं नव्हतं. त्यांचा आवाज बंद होता ना.

दुसऱ्या दिवशी तो पुन्हा हजर. आज काय केलंय?

असा माणूस शिरला तर सावध राहा. मी त्याचं प्रोफाइल उघडून पाहिलं. त्याला स्वतःचं चॅनलच नाही. आता याला मी प्रेम परत कुठे पाठवू?