ड्राइव्ह-इन म्हणजे ड्राइव्ह-थ्रू नव्हे

अमेरिकेत ओक्लाहोमा राज्यातल्या स्टिलवॉटरला शिकायला होते तेव्हा शनिवारी संध्याकाळी आम्ही चौघीजणी एका जुन्या गाडीतून 'सॉनिक' या ड्राइव्ह-इन खानावळीत जायचो. छपराखाली गाडी तिरकी लावायची, काच खाली करायची आणि मेन्यूच्या फलकावरचं लाल बटण दाबायचं. स्पीकरमधून खरखरत्या आवाजात विचारणा व्हायची. थोड्या वेळाने चाकांचे बूट घातलेली एखादी पोरगी ट्रे सावरत यायची. चेरी लाइमेड, आणि त्यात तो मऊ, दाणेदार बर्फ. तो चावत आम्ही तास तास गप्पा मारल्यात.

परवा कुणीतरी म्हणालं, "म्हणजे ड्राइव्ह-थ्रूच ना?" नाही हो! ड्राइव्ह-थ्रूला खिडकीतून पिशवी घेतली की निघायचं, मागे रांग असते. ड्राइव्ह-इनला थांबायचं असतं. गाडी म्हणजे तेवढ्यापुरता आपला ओटाच.

ड्राइव्ह-इनची सुरुवात 1921 मध्ये डॅलसच्या 'पिग स्टँड'पासून धरतात. तिथली पोरं येणाऱ्या गाडीच्या पायदानावर उडी मारून ऑर्डर घ्यायची. पण मला जवळची वाटते ती 'सॉनिक'ची, ओक्लाहोमातल्याच शॉनी या लहानशा गावाची गोष्ट. ट्रॉय स्मिथ हा आधी दुधाची, मग पावाची गाडी चालवणारा माणूस. 1953 मध्ये त्याने एक जागा घेतली. लाकडी ओंडक्यांच्या घरात स्टेकचं हॉटेल आणि शेजारी रूट बिअरची टपरी, 'टॉप हॅट'. (नावात बिअर असली तरी ही दारू नव्हे.) त्याचा जीव हॉटेलात होता, पण चालली ती टपरी! पुढे लुइझियानात गाडीपाशी स्पीकर लावलेले त्याने पाहिले आणि ज्यूकबॉक्स (नाणं टाकून गाणी वाजवायचं यंत्र) दुरुस्त करणाऱ्या पोरांकडून शॉनीत तशाच तारा ओढून घेतल्या. 'टॉप हॅट' हे नाव आधीच दुसऱ्या कुणाचं निघालं, म्हणून 1959 मध्ये 'सॉनिक' झालं. त्या नावाची पहिली पाटी लागली आमच्या स्टिलवॉटरला.

कॅलिफोर्नियात सॅन बर्नार्डिनोच्या मॅकडोनाल्ड बंधूंनी 1948 मध्ये गाडीपर्यंत ट्रे नेणाऱ्या मुलींना काढून टाकलं आणि गिऱ्हाइकाला खिडकीपाशी उभं केलं. जगभर त्याच हुशारीचं कौतुक होतं. मला स्मिथची अक्कल मोठी वाटते. ऑर्डर घ्यायचं काम त्याने तारेवर सोपवलं, पण घास आणून देणारं माणूस ठेवलं. लहान गावात ती पोरगी कुणाची तरी शेजारीण असते, ती तिची पहिली कमाई असते. हे माणूस काढलं तर उरतो फक्त पार्किंगचा पट्टा.

त्या दिवसांच्या गोडव्यात एक गोष्ट मात्र दडपू नये. सॉनिकच्याच राज्यात, ओक्लाहोमा सिटीत, 1958 च्या ऑगस्टमध्ये क्लारा लूपर या शिक्षिका 13 कृष्णवर्णीय मुलांना घेऊन कॅट्झ ड्रगस्टोअर या औषधांच्या दुकानातल्या खाण्यापिण्याच्या काउंटरवर जाऊन बसल्या, कारण तिथे बसून कोका-कोला प्यायचीही त्यांना मुभा नव्हती. थांबून, बसून खाण्याची मोकळीक सगळ्यांना आपोआप मिळालेली नाही. आम्ही चौघी परदेशी, सावळ्या मुली त्या छपराखाली निर्धास्त बसायचो, त्यामागे ती 13 मुलंही आहेत.

तिकडे शिकायला निघालेल्या पोरापोरींनो, पिशवी घेऊन खोलीवर पळू नका. काच खाली करा, तिथेच खा. आणि ट्रे आणणारीच्या हातावर एखाद-दोन डॉलर नक्की ठेवा.