म्हणे, पस्तिशीच्या आत संचालक होता येत नाही!

‘सहकारात तरुणांना नेतृत्वाचं प्रशिक्षण देणं म्हणजे पैशाची नासाडी’ हा फॉरवर्ड नागपुरातल्या ग्रुपांवर फिरतोय. असे शंभर येतात, सोडून दिला असता. पण तो नंदनवनच्या आमच्या भाऊजींपर्यंत पोचला आणि त्यांनी भाचीचं पतसंस्थेच्या शिबिराला जाणं रद्द केलं. ‘कायद्यातच बसत नाही म्हणते, मंग कायले जातं वं?’ म्हणून हे लिहावं लागतंय.

‘३५ वर्षांच्या आत संचालक होता येत नाही.’ हे कुठून काढलं, बाप्पा? महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० मध्ये अशी अट नाही. कलम २२ प्रमाणे करार करायला पात्र असलेली व्यक्ती सभासद होऊ शकते, म्हणजे १८ पूर्ण. संचालक व्हायला थकबाकीदार नसावं वगैरे अटी आहेत, पस्तिशीची नाही.

‘प्रशिक्षण ऐच्छिक आहे, वर्गणी म्हणजे वसुली.’ कलम २४अ वाचा. सहकाराविषयीच्या ९७व्या घटनादुरुस्तीनंतर २०१३ साली ते आपल्या कायद्यात आलं. सभासद, पदाधिकारी आणि कर्मचारी यांच्या शिक्षण-प्रशिक्षणाची व्यवस्था संस्थेने करायची, समितीच्या, म्हणजे संचालक मंडळाच्या, प्रत्येक सदस्याने प्रशिक्षण घ्यायचं आणि त्यासाठीच्या निधीत संस्थेने दरवर्षी वर्गणी भरायची. ‘ऐच्छिक’ यात कुठे दिसलं?

खरा घातक मुद्दा मात्र हा: ‘हिशोब मॅनेजर बघतो, संचालकाने फक्त सही करायची, त्याला शिकायचं काय?’ अहो, कलम ७३ प्रमाणे समितीच्या निर्णयांना सगळे सदस्य संयुक्तपणे आणि वैयक्तिकरीत्याही जबाबदार असतात. जाणूनबुजून केलेल्या निष्काळजीपणाने संस्थेचं नुकसान झालं तर कलम ८८ खाली चौकशी होऊन रक्कम खिशातून भरावी लागू शकते. तिथे ‘मला हिशोब कळत नव्हता’ हे उत्तर चालेलच असं नाही. भाचीने मागच्या शिबिरात एक नमुना ताळेबंद सोडवला होता. नफा छान दिसत होता. तिने ‘येणे व्याज’ या ओळीवर बोट ठेवलं. कर्जाचा एक हप्ताही आलेला नाही, पण त्यावरचं व्याज उत्पन्नात धरलेलं आणि कर्ज बुडालं तर म्हणून बाजूला ठेवायची रक्कम, म्हणजे तरतूद, शून्य. म्हणजे नफा कागदावरचा, आणि त्यातून लाभांश वाटला तर तो ठेवीदारांच्या पैशातून. वीस वर्षं सह्या केलेल्या माणसालाही हे दिसेलच असं नाही. ही नजर शिकल्याशिवाय येत नाही, आणि एखाद्या निर्णयाला विरोध असेल तर तो सभेच्या इतिवृत्तात नोंदवून घ्यायचा असतो, हेही तिथेच शिकवतात.

‘अनुभवी माणसं असताना पोरं कशाला?’ नागपूर जिल्हा मध्यवर्ती बँकेचा सरकारी रोख्यांचा घोटाळा २००२ मध्ये बाहेर आला, सुमारे १५० कोटींचा. निकाल लागायला डिसेंबर २०२३ उजाडला. ती बँक काही कॉलेजच्या पोरांच्या हातात नव्हती.

एक गोष्ट नाइलाजाने कबूल करतो. बरीच शिबिरं म्हणजे नुसता फार्स असतो. बॅनर, सत्कार, समोसा, दुपारनंतर रिकाम्या खुर्च्या आणि सगळ्यांना प्रमाणपत्र. नेत्याचा मुलगा पहिल्या रांगेत बसतो आणि वर्षभरात संचालक होतो, हेही खोटं नाही. पण मग शिबिर सुधारा, पोरींना घरी बसवून काय साधणार?

‘शिकलेली पोरं पुण्याला पळतात.’ काही जातात. सगळी नाही.

वर्गणीबद्दल शंका असेल त्यांनी संस्थेच्या सचिवाला लेखी विचारावं: गेल्या वर्षी प्रशिक्षण निधीत किती भरले, आणि समितीतले किती जण प्रशिक्षणाला गेले? वार्षिक सर्वसाधारण सभा ३० सप्टेंबरच्या आत होते, प्रश्न त्याआधी द्या. आणि भाऊजी, शिबिराची नोंदणी अजून चालू आहे.