फक्त डिलिव्हरी चार्ज द्या, बाकी आम्ही कापून घेतो

पहिली गोष्ट म्हणजे मोबाईलवर शुगर, पोट, गुडघ्याच्या पावडरीची जाहिरात आली तर ती स्किप करू नका. पूर्ण बघा, आवाज मोठा ठेवून बघा म्हणजे घरातल्या सगळ्यांना ऐकू जाईन. पांढरा कोट घातलेला माणूस असते, गळ्यात स्टेथोस्कोप, मागे पुस्तकांचं कपाट, त्याला डॉक्टरच समजायचं. नाव काय, शिकला कुठं, रजिस्ट्रेशन नंबर काय असले प्रश्न आपल्या सरकारी दवाखान्यातल्या (पीएचसी) डॉक्टरला विचारायचे, याला नाही. हा माणूस सांगते की तीन दिवसात शुगर, सात दिवसात पोट अन् पंधरा दिवसात गुडघेदुखी गायब, अन् हे सगळं मोठे डॉक्टर तुमच्यापासून लपवून राहिले. आता देशभरचे डॉक्टर मिळून एवढी गोष्ट लपवतात, ती फक्त एका फेसबुक पेजला सापडते, अन् ते पेज ती नेमकी आर्वीच्या नाहीतर मेहकरच्या माणसालाच रात्री साडेदहा वाजता सांगते, यात शंका घेण्यासारखं काय आहे?

कधी टीव्हीवरच्या ओळखीच्या अँकरचा चेहरा बोलते, कधी सिनेमातला हिरो. ओठ जरा मागेपुढे हलतात. नेट स्लो असन, दुसरं काही नाही. बातमीसारखं दिसते म्हणजे बातमीच असन. अमेरिकेत असाई बेरी नावाच्या फळाच्या गोळ्या वजन कमी करायला म्हणून अशाच खोट्या बातम्यांच्या साईटी बनवून विकल्या, मग तिथलं ग्राहकांची फसवणूक रोखणारं सरकारी खातं, फेडरल ट्रेड कमिशन, २०११ साली कोर्टात गेलं. पण ते अमेरिकेतले लोक, शिकलेसवरलेले असूनही फसले बिचारे, आपण थोडीच फसणार.

मग डबा. डब्यावर एफएसएसएआय चा, म्हणजे सरकारच्या अन्न सुरक्षा खात्याचा, चौदा आकडी नंबर असते, तो दिसला की सरकारनं आतली पावडर चाखून पास केली असं समजून घ्या. तसाच नंबर एसटी स्टँडवरच्या चिवड्याच्या पाकिटावर पण असते, कारण तो खाण्याचा माल बनवणाऱ्याचा परवाना आहे, पण चिवड्यानं कोणाची शुगर गेली का असे फाटे फोडायचे नाही. डबा मागून फिरवून पाहू नका. मागे बारीक इंग्रजीत 'नॉट फॉर मेडिसिनल यूज' म्हणजे औषध म्हणून वापरायचं नाही असं लिहिलेलं असते, हेल्थ सप्लिमेंटवर ते लिहावंच लागते, अन् समोर मोठ्या मराठीत 'मधुमेह मुळापासून संपवा'. दोन्ही एकाच डब्यावर. समोरचं खरं माना, ते मोठ्या अक्षरात आहे. आपल्या देशात १९५४ सालचा कायदा आहे बरं का, त्याच्या यादीत ५४ रोग आहेत ज्यांच्या उपचाराची जाहिरातच करता येत नाही, डायबिटीस त्यात, लठ्ठपणा त्यात, उंची वाढवणं पण त्यात. म्हणजे तुम्हाला दिवसभर मोबाईलवर जे जे दिसते त्यातलं बरंचसं त्या यादीतलंच आहे, कंपनीनं यादी एवढी मन लावून वाचली हे बघून कौतुक वाटते.

'यूएस एफडीए अप्रूव्ड' लिहिलं असन तर मग विचारूच नका. अमेरिकेचं एफडीए, म्हणजे तिथलं अन्न-औषध खातं, सप्लिमेंट बाजारात यायच्या आधी त्याला मंजुरी देतच नाही, १९९४ च्या तिथल्या कायद्यापासून तशी पद्धतच नाही, तरी याच डब्याला मंजुरी मिळाली, म्हणजे डबा किती स्पेशल असन बघा.

अन् '१०० टक्के नॅचरल, नो साइड इफेक्ट'. बरोबर आहे. धोतरा पण नॅचरलच असते, बांधावर फुकट मिळते, कुरिअरची पण गरज नाही.

गुडघ्याची पावडर दोन दिवसात लागू पडली, काकू चटचट जिना चढून राहिल्या, तर आनंद माना अन् आत काय आहे ते विचारू नका. असल्या काही पावडरींमध्ये लॅबवाल्यांना स्टेरॉइड सापडलं आहे, ते खाऊन शुगर वाढते अन् एकदम बंद केलं तर जीवावर बेतू शकते. वजन उतरवायच्या गोळ्यांमध्ये सिब्युट्रामिन नावाचं भूक मारणारं औषध सापडते, हृदयाला धोका म्हणून भारतात त्याच्यावर २०११ साली बंदी आली. मर्दानी ताकदीच्या आयुर्वेदिक म्हणवणाऱ्या कॅप्सूलमध्ये सिल्डेनाफिल, म्हणजे व्हायग्रातलं औषध, सापडते, अन् छातीत दुखते म्हणून नायट्रेटची गोळी घेणाऱ्यानं ते घेतलं तर बीपी धाडकन खाली. पण डब्यावर तर अश्वगंधाचं चित्र आहे ना, मग झालं.

आता मुख्य मुद्दा, फ्री ट्रायल. फ्री म्हणजे फ्रीच, फक्त ४९ रुपये डिलिव्हरी चार्ज. पेजवर घड्याळ उलटं पळून राहिलं असते, नऊ मिनिटं एकोणसाठ सेकंद, ऑफर संपली की संपली. पेज बंद करून परत उघडलं तर परत नऊ मिनिटं एकोणसाठ सेकंद, एवढी दयाळू कंपनी दुसरी दाखवा. खाली लिहून येते 'फक्त ३ डबे शिल्लक', मग 'आत्ताच पुसदच्या एका ग्राहकानं ऑर्डर केली', घाई करा, पुसदवाला घेऊन जाईन. अन् सगळ्यात खाली राखाडी रंगाच्या बारीक अक्षरांत, पांढऱ्या कागदावर पांढरा खडू ओढल्यासारखं, एक चौकोन आधीच टिक करून ठेवलेला असते. तुमचे कष्ट वाचावे म्हणून. त्यात लिहिलं असते की चौदा दिवसांत रद्द नाही केलं तर पूर्ण डब्याचे पैसे कापू अन् पुढं दर महिन्याला नवीन डबा पाठवत राहू, तुम्ही गप्प बसले म्हणजे तुमची हो समजू.

चौदा दिवस कधीपासून मोजायचे? तुम्हाला वाटन डबा हातात पडल्यापासून. छ्या. कित्येक ठिकाणी ऑर्डर केल्याच्या दिवसापासून. म्हणजे डबा कुठल्यातरी गोडाऊनमधून निघणार, नागपूरला थांबणार, तालुक्याच्या गावी येऊन पडणार, तिथून डिलिव्हरीवाल्या पोट्ट्याचा फोन येणार की "काका, तुमच्या गावात मी येत नाही, फाट्यावर या", काका वावरात फवारणीत गुंतलेले, मग परवा या, मग सोमवारी बाजाराच्या दिवशी, अन् ज्या दिवशी डबा घरात येऊन काकूनं सील तोडलं त्या दिवशी ट्रायल संपायला आली असते. चमचाभर पावडर पाण्यात विरघळायच्या आधी तिकडं १,९९९ कापायची तयारी झाली असते.

पैसे कसे कापतात ही पण शिकण्यासारखी कला आहे. ४९ रुपये भरायला यूपीआय उघडलं की कधी कधी समोर नेहमीच्या पेमेंटच्या जागी ऑटोपे येते, म्हणजे दरवेळी न विचारता पैसे कापायची परवानगी, त्यावर लिहिलं असते किती रुपयांपर्यंत कापू शकतात, दर महिन्याला की दर आठवड्याला, अन् कोणत्या सालापर्यंत. ते वाचत बसू नका, मागं रांगेत पुसदवाला उभा आहे. पिन टाका. हे ऑटोपे २०२० मध्ये आलं, वीजबिल अन् हप्ते वेळेवर जावे म्हणून, चांगलीच सोय आहे, कंपनीलाही आवडली. रिझर्व्ह बँकेचा ऑक्टोबर २०२१ पासूनचा नियम आहे की असे पैसे कापायच्या चोवीस तास आधी मेसेज आला पाहिजे, अन् २०२२ पासून १५,००० पर्यंत मग दरवेळी ओटीपी लागत नाही. मेसेज येते हो, येत नाही असं नाही. पण तो मेसेज रिचार्जची ऑफर, तात्काळ कर्ज, रमी खेळा अन् सोयाबीनच्या भावाच्या मेसेजच्या खाली जाऊन पडते, इंग्रजीत असते, अन् फोन पोट्ट्याच्या हातात रील बघायला. लाडकी बहीणचे १,५०० खात्यात आले अन् दुसऱ्या दिवशी १,४९९ गेले, एक रुपया वहिनींसाठी ठेवला. किसान सन्मानचे २,००० आले तर मोठा पॅक. सरकार एका हातानं देते अन् दुसऱ्या हातानं काढून घेते असं पानठेल्यावर चर्चा होते, सरकार बिचारं यावेळी तरी निर्दोष असते.

कार्डानं भरणार असाल तर बँकेच्या ॲपमध्ये जाऊन इंटरनॅशनलचं बटण चालू करून ठेवा. २०२० पासून नवीन कार्डावर ते बंदच राहते, ते काहून बंद ठेवलं याचा विचार करू नका. बाहेरच्या कित्येक साईटी ओटीपी मागत नाही, तेवढाच तुमचा वेळ वाचते.

समजा कोणाला रद्द करायची अवदसा आठवली. तर ॲप डिलीट करा अन् निवांत झोपा. मॅन्डेट, म्हणजे तुम्ही दिलेली पैसे कापायची परवानगी, तिकडं यूपीआयमध्येच बसून राहते, ते यूपीआय ॲपच्या ऑटोपे मध्ये जाऊन स्वतः रद्द करायचं असते नाहीतर बँकेत जाऊन लिहून द्यायचं असते, पण ही गोष्ट तुमच्या भाच्याला माहीत आहे अन् त्याला विचारलं तर तो डबा कशाचा होता ते पण विचारन. कंपनीला फोन लावला तर गोड आवाजाची 'डायटिशियन मॅडम' बोलते, कोर्स अर्धवट सोडला तर शरीरातलं विष आतच राहन, तुम्ही आमच्या घरच्यासारखे म्हणून दुसरा डबा अर्ध्या किमतीत. तुम्ही रद्द करायला फोन केला अन् दोन डबे घेऊन फोन ठेवला, याला व्यवहार म्हणतात. कॅश ऑन डिलिव्हरीचं पार्सल नाकारलं तर व्हॉट्सअपवर वकिलाचा डीपी लावलेला नंबर 'तुमच्यावर केस होईल' म्हणते. लगेच घाबरा. पार्सल नाकारलं म्हणून कोणाला जेल झाली असं अजून ऐकलं नाही, पण पहिला मान तुमचा असू शकते.

ज्यांच्याकडं स्मार्टफोन नाही त्यांनी नाराज होऊ नये, त्यांच्यासाठी समाजमंदिरात मोफत आरोग्य शिबिर असते. हातात स्टीलचा दांडा धरायचा, लॅपटॉपवर रंगीत रेघा नाचतात, अन् दोन मिनिटात लिव्हर, किडनी, कॅल्शियम, सगळ्याचा रिपोर्ट. रक्त नाही, लघवी नाही. त्या मशीननं आजपर्यंत कोणाला 'तुम्ही ठणठणीत आहा, घरी जा' असं सांगितल्याचं ऐकलं नाही, अन् मशीनला जे कमी दिसते ते नेमकं बाजूच्या टेबलावर डब्यात भरून ठेवलेलं असते. टेबलामागं बहुतेक ओळखीचेच बसलेले असतात, सोयरे, नाहीतर शाळेतले सर, म्हणून नाही म्हणता येत नाही. इकडं आशाताई घरोघरी सांगून थकते की तीस वर्षांवरच्यांची शुगर अन् बीपी उपकेंद्रात फुकट तपासून राहिले, या. तिथं कोणी जात नाही. सरकारचं फुकट म्हटलं की काहीतरी गडबड असन असं वाटते, अन् कंपनीचं फुकट म्हटलं की डिलिव्हरी चार्ज काढून तयार. अन् पावडर सुरू झाली की डॉक्टरची शुगरची गोळी लगेच बंद करा हं, दोन्ही सोबत घेतलं तर कोणामुळं बरं वाटलं ते कळणार नाही. आकडा ४०० च्या वर गेला अन् सेवाग्रामच्या दवाखान्यात न्यावं लागलं तर कंपनी म्हणन डब्यावर लिहिलंच होतं, नॉट फॉर मेडिसिनल यूज.

तक्रार? राहू द्या. केंद्र सरकारनं नोव्हेंबर २०२३ मध्ये ऑनलाइन फसवणुकीच्या १३ युक्त्यांची यादीच काढली, त्यात खोटी घाई दाखवणं आहे, गुपचूप वाढीव वस्तू टाकणं आहे, अन् सबस्क्रिप्शनमध्ये अडकवून बाहेर पडू न देणं पण आहे. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ नंबर आहे, मराठीत बोलतात. साधा ठग निघाला तर सायबरचा १९३०, तिथं जेवढ्या लवकर फोन कराल तेवढी पैसे अडवायची शक्यता जास्त. पण १९१५ वर सांगणार काय? की मी पोट कमी करायची पावडर मागवली? की त्या 'ताकदीच्या' कॅप्सूल? चौकात कळलं तर? कंपनीला हेच तर पाहिजे, तिचा निम्मा धंदा पावडरीवर चालते अन् निम्मा तुमच्या लाजेवर, म्हणून तर ती शुगर, पोट, केस अन् बेडरूम सोडून दुसरं काही विकत नाही. तर गप्प राहा. बँकेचं स्टेटमेंट घडी करून गादीखाली ठेवा, स्क्रीनशॉट काढू नका, ऑर्डरचा ईमेल डिलीट करा, डबा कचऱ्यात टाका, म्हणजे कोणी विचारलंच तर हातात दाखवायला काही राहायला नको.

अन् महिन्या-दोन महिन्यांनी एक फोन येईन. "सर, तुमची फसवणूक झाली होती ना, त्या कंपनीवर आम्ही कारवाई केली, तुमचे पूर्ण पैसे परत येऊन राहिले, फक्त ४९९ रुपये फाईल चार्ज भरा अन् आलेला ओटीपी नंबर सांगा." तुमचा नंबर त्यांच्याकडं कसा गेला हे विचारायचं नाही, एकदा भरणाऱ्याची यादी बनते अन् ती यादी पण विकल्या जाते. साहेब हिंदीत बोलते, मागं ऑफिससारखा आवाज असते, केस नंबर पण सांगते. केस नंबर लिहून घ्यायला पेन शोधून ठेवा.