उशाशी पिंपळ ठेवून ऑक्सिजनचं मशीन बंद करणाऱ्यांसाठी

आत्याला फुप्फुसाचा जुना आजार आहे. डॉक्टरांनी रात्री ऑक्सिजनचं मशीन लावायला सांगितलंय. परवा गेलो तर मशीन कोपऱ्यात झाकून ठेवलेलं आणि उशाशी पिंपळाची कुंडी! "वीज किती जळते रे त्याला, हा फुकट देतो की," म्हणाली आणि फोन पुढे केला. मेसेजात काय, तर झाड कार्बन डायऑक्साइड फोडतं, कार्बनची साखर करून स्वतः खातं, ऑक्सिजन आपल्याला देतं. पिंपळ हे चोवीस तास करतो. तुळस ओझोन सोडते. तेव्हा मशीन विसरा.

पिंपळ भिंत फोडतो, कार्बन डायऑक्साइड नव्हे. झाडानं सोडलेला ऑक्सिजन पाण्यातला असतो. 1941 साली रूबेन, केमेन या शास्त्रज्ञांनी आणि सहकाऱ्यांनी शेवाळाला जड ऑक्सिजनवालं (नेहमीपेक्षा वजनदार, म्हणून वेगळा ओळखू येणारा) पाणी दिलं, तर बाहेर आलेल्या वायूत तोच जड ऑक्सिजन निघाला. कार्बन डायऑक्साइडला रुबिस्को नावाचं विकर (एंझाइम) पाच कार्बनच्या साखरेला चिकटवतं, तीन-तीन कार्बनचे दोन रेणू होतात आणि पुढे त्यांचीच साखर घडते. पाणी फोडायला मात्र उजेड लागतो. अंधार पडला की ऑक्सिजन बंद. रात्री तो पिंपळ आत्याच्याच खोलीतला ऑक्सिजन घेतो. अगदी थोडा घेतो, त्यानं कुणी गुदमरत नाही. पण देत तर काहीच नाही.

दिवसाचा हिशोबही बघा. नुसत्या बसलेल्या माणसाला मिनिटाला साधारण पाव लिटर ऑक्सिजन लागतो. भर उन्हात एक चौरस मीटर पानं मिनिटाला 10-15 मिलिलीटर देतात. आत्याच्या कुंडीत पानं नऊ.

रात्री कार्बन डायऑक्साइड घेणारी झाडं असतात, एवढं कबूल. कोरफड, अननस, पानफुटी. पानफुटीचं पान सकाळी आंबट आणि दुपारी बेचव लागतं, हे वनस्पतिशास्त्रज्ञ बेंजामिन हाइन यांनी हिंदुस्थानात चाखून पाहिलं होतं; त्यांचं पत्र 1815 मध्ये छापलं गेलं. रात्री घेतलेला वायू आम्ल होऊन साठतो, दिवसा त्याची साखर होते. ऑक्सिजन तेव्हाच, उजेडात, सुटतो.

तुळस ओझोन सोडत नाही. ओझोन फुप्फुसांना त्रासदायक; सोडत असती तर आत्याच्या फुप्फुसांसाठी आधी तीच अंगणातून हलवावी लागली असती.

कुंडी गच्चीवर नेऊन ठेवली, मशीन सुरू केलं. विजेचं बिल मी भरेन म्हटलंय, तरी आत्या अजून घुश्शातच आहे.