"बहिऱ्याला भुंकणं तरी ऐकू येणार का?"

गोव्यात म्हापसा-डिचोलीकडच्या ग्रुपांवर तो फॉरवर्ड परत फिरतोय. "बहिऱ्याच्या मदतीला कुत्रा म्हणे! भुंकला तरी याला ऐकू येणार का? कानाला मशीन लावा, मोबाईल व्हायब्रेटवर ठेवा, झालं. बाकी सगळं कुत्रा हॉटेलात घुसवायचं निमित्त." खाली हसण्याच्या इमोजींचा पाऊस.

आधी भुंकण्याचं बघू. अहो, तो भुंकून सांगतच नाही, सगळं ट्रेनिंग त्याचंच तर असतं! बेल वाजली की येऊन नाकाने ढोसतो नाहीतर पंजा लावतो, माणूस हाताने खूण करून विचारतो काय झालं, मग हा त्याला आवाजापाशी घेऊन जातो, दार असो, कुकर असो, रडणारं बाळ असो. फायर अलार्म वाजला तर मात्र तिकडे नेत नाही, पंजा लावून जमिनीवर आडवा होतो, म्हणजे धोका आहे, बाहेर निघ. आवाज एकेक करून शिकवतात, मग आपल्याकडे पोदेराचा, म्हणजे सायकलवरल्या पाववाल्याचा, पोंपों का नाही शिकवता येणार, सायकल पुढे गेली की पाव गेले ना!

मशीन आवाज मोठा करते, नवा कान देत नाही, आणि झोपताना, आंघोळीला काढूनच ठेवावी लागते. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात दोन्ही कानांत 70 डेसिबलचा दोष असला की बहिरेपणा धरतात, अशातल्या कित्येकांना मशीन लावूनही बोलणं धड कळत नाही. मोबाईल खिशात असला तर थरथरतो, चार्जिंगला लावला की संपलं. आणि कुत्रा आला म्हणून मशीन टाकून द्या असं सांगितलंय कुणी?

निमित्ताचं म्हणाल तर अमेरिकेच्या 1990 च्या एडीए या अपंग हक्क कायद्यात नुसता लळा आहे, बरं वाटतं म्हणून आणलेला कुत्रा बसतच नाही, अपंगत्वाशी निगडित काम शिकवलेलं लागतं. कुठलं काम शिकवलंय हे हॉटेलवाला विचारू शकतो, कुत्रा आवरेना तर बाहेरही काढू शकतो. साध्या कुत्र्याला मदतनीस कुत्र्याचं जॅकेट घालून फसवणारे आहेत, नाही कोण म्हणतं, पण खोटे पासवाले सापडले म्हणून कदंबा बसमधली दिव्यांगांची सवलत बंद करायची का?

खरी अडचण त्या फॉरवर्डमध्ये नाहीच. ती आपल्या बाजारात आहे, पट्ट्यातला कुत्रा दिसला की भटक्या कुत्र्यांची टोळी अंगावर येते, तेव्हा शिकवलेला कुत्रा मालकाकडे बघणार की स्वतःचा जीव वाचवणार? त्यावर बोला की, नसबंदीचं काय झालं ते पंचायतीत जाऊन विचारा.